दुरुस्तीची शेवटची तारीख जाहीर करा

प्रति,
नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री, नियामक संस्थांचे प्रमुख आणि हवाई वाहतूक नियंत्रणाला किती पैसा द्यायचा हे ठरवणारे सर्व, देश कोणताही असो

महोदय / महोदया,

२८ एप्रिल २०२५ च्या दुपारी अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळावर येणारी-जाणारी विमाने सांभाळणाऱ्या नियंत्रकांच्या पडद्यांवरून विमाने दिसेनाशी झाली. रेडिओही गेला. हे नियंत्रक नेवार्कला बसत नव्हते, फिलाडेल्फियात बसत होते. आदल्या वर्षी त्यांचे काम न्यूयॉर्कजवळच्या केंद्रातून तिथे हलवले होते, पण रडारची माहिती अजून न्यूयॉर्कहूनच दूरसंचाराच्या लाइनवरून यायची. ती लाइन बसली. सुमारे दीड मिनिटाने चित्र परत आले. विमानाला विमान धडकले नाही. पुढचे कित्येक दिवस उड्डाणे रखडली, रद्द झाली, काही नियंत्रक मानसिक धक्क्यामुळे रजेवर गेले, आणि ९ मे रोजी पहाटे तोच प्रकार पुन्हा घडला.

त्या दीड मिनिटाचा हिशेब मी मांडून पाहिला, तो तुमच्यापुढे ठेवतो. विमानतळाच्या आसपास खालच्या उंचीवर विमानाचा वेग साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या घरात असतो. दीड मिनिटात ते साडेअकरा किलोमीटर जाते. एकाच उंचीवरच्या दोन विमानांत रडारच्या भरवशावर अशा भागात सहसा तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर अंतर राखले जाते. पडदा कोरा असताना प्रत्येक विमान या अंतराच्या दुपटीहून जास्त पुढे गेले, आणि ते कुठे वळले, किती खाली आले, हे ज्यांनी पाहायचे त्यांना दिसत नव्हते.

रडार गेले तर काय करायचे हे नियमपुस्तकात लिहिलेले असते, हे मला ठाऊक आहे. रडारशिवायही विमाने चालवता येतात. महासागरांवर ती वर्षानुवर्षे तशीच चालली. वैमानिक ठरलेल्या बिंदूवर पोहोचल्याची वेळ कळवतो, नियंत्रक ती त्या विमानाच्या कागदी पट्टीवर, म्हणजे स्ट्रिपवर टिपतो आणि एका मार्गावरच्या दोन विमानांत दहा-पंधरा मिनिटांचे अंतर ठेवतो. दहा मिनिटांत जेट विमान दीडशे किलोमीटर जाते. रडार चालू असेल तर मात्र वरच्या आकाशात पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर पुरतात. आता खरी अडचण बघा. रडार बंद पडते त्या क्षणी विमाने आधीच नऊ-दहा किलोमीटरवर लावून ठेवलेली असतात. पुस्तकातले दीडशे किलोमीटर त्या क्षणी आणायचे कुठून? विमाने पांगेपर्यंत उंचीतला फरक, वैमानिकांचे डोळे, विमानातली टक्करविरोधी यंत्रणा आणि नियंत्रकाच्या डोक्यात उरलेले शेवटचे चित्र, एवढ्यावर सगळे तगून असते. आणि रेडिओही गेलेला असेल तर ते चित्र बरोबर असून उपयोग नाही, कारण सांगायचे कोणाला?

यंत्रे जुनी होऊ देण्याची किंमत तुम्ही विलंबाच्या मिनिटांत मोजता. ती किंमत त्याआधीच दुसरीकडे चुकती झालेली असते, सुरक्षेसाठी राखून ठेवलेल्या वेळात आणि अंतरात. त्या खर्चाची नोंद तुमच्या कोणत्याही वहीत नाही. हे पत्र त्या नोंदीसाठी आहे.

मी नियंत्रक नाही, वैमानिकही नाही. बंद ठेवून चालत नाही अशा इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या देखभालीत माझी नोकरी गेली. यंत्र थकते कसे हे मी जवळून पाहिले आहे. विमानतळाजवळच्या रडारचा अँटेना साधारण पाच सेकंदांत एक फेरी घेतो. दिवस-रात्र, उन्हापावसात तो फिरतच असतो, वर्षाला साठ लाखांहून अधिक फेऱ्या. बेअरिंग झिजते, गिअरबॉक्समधून तेल पाझरायला लागते, फिरणाऱ्या भागातून स्थिर भागात सिग्नल उतरवणारा सांधा त्रास देतो. याची मला फारशी धास्ती नाही. लोखंडी भाग नव्याने करून घेता येतो. धास्ती आहे ती कपाटातल्या त्या एका कार्डाची, ज्यावरची चिप बनवणे कंपनीने कधीच थांबवले आहे. ते जळाले की स्टोअरमधले आणायचे. स्टोअरमधले संपले की दुसरीकडे निकालात काढलेले यंत्र उघडून त्यातले काढायचे. तेही संपले की जुन्या मालाच्या बाजारात शोधायचे. अमेरिकेचे वाहतूकमंत्री शॉन डफी यांनीच सांगितले आहे की सुटे भाग ईबेवर धुंडाळावे लागतात. जून २०२५ मध्ये तिथल्या हवाई प्रशासनाच्या हंगामी प्रमुखांनी खासदारांपुढे ग्वाही दिली ती फ्लॉपी डिस्क आणि कागदी स्ट्रिपा बंद करण्याची. बाजारातून आलेले कार्ड आधी किती तास चालले आहे, कुठल्या गोदामात पडून होते, त्यावर कोणी सोल्डरचा डाग दिला आहे, हे बसवणाऱ्या तंत्रज्ञाला कळायला काही मार्ग नसतो. ते लावायचे, दिवा हिरवा झाला की रजिस्टरमध्ये वेळ लिहायची.

पुष्कळदा यंत्राच्या आधी माणूस संपतो. पंख्याचा आवाज बदलला की कोणता पॉवर सप्लाय जाणार हे ओळखणारा तंत्रज्ञ निवृत्त होतो. त्याच्या जागी आलेल्या मुलीला किंवा मुलाला शिकवायला ते यंत्र एकाही प्रशिक्षण केंद्रात उरलेले नसते.

जुने ते सगळे मोडीत काढा, असे मी म्हणत नाही. उपग्रहाचे सिग्नल दाबणे, खोटे सिग्नल सोडणे असे प्रकार वाढल्यापासून जमिनीवरचे जुने दिशादर्शक रेडिओच पुन्हा आधाराला येत आहेत. वय कितीही असू दे. बिघडल्यावर दुरुस्त करता येणार का, कोण करणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे सांगता आले पाहिजे.

अमेरिकेच्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे जाहीरपणे मोजले. हवाई नियंत्रणाच्या १३८ यंत्रणांपैकी ५१ यापुढे टिकवता येण्याजोग्या नाहीत आणि ५४ तशा होण्याच्या मार्गावर आहेत, असे त्यांच्या अहवालात आहे. सर्वांत चिंताजनक ठरलेल्या १७ पैकी काहींची जागा घेणारी कामे निदान दहा वर्षे पुरी होणार नव्हती, आणि चार यंत्रणांसाठी कुठले काम हातीच घेतलेले नव्हते. वाचून मला धक्का बसला तो आकड्यांचा नाही. एवढी साधी मोजणी किती देशांनी केलीच नाही किंवा केली तर दाबून ठेवली, याचा बसला.

तुमच्या वार्षिक अहवालांत एक वाक्य हमखास असते की यंत्रणा ९९.९ टक्के वेळ उपलब्ध होती. उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाचे पावणेनऊ तास. ते तास नेमके कोणते, आणि त्या वेळी आणखी काय काय बंद होते, हे टक्केवारीतून कळत नाही.

१ जुलै २००२ ची रात्र अशीच होती. दक्षिण जर्मनीतल्या युबरलिंगेनवरचे आकाश झुरिकच्या नियंत्रण केंद्राकडे होते आणि केंद्रात यंत्रणेच्या सुधारणेचे काम चालू होते. रडारची मुख्य प्रणाली कमी क्षमतेवर चालत होती, त्यामुळे दोन विमाने जवळ येऊ लागली की पडद्यावर दिसणारा इशारा त्या वेळी मिळत नव्हता. शेजारच्या केंद्रांशी बोलायचे मुख्य फोन तोडलेले होते. पर्यायी फोनच्या लाइनमध्ये दोष होता. रात्री एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने विश्रांती घ्यायची, ही प्रथा व्यवस्थापनाला माहीत होती आणि चालवून घेतली जात होती. म्हणून एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता. उशिरा आलेले एक एअरबस विमान फ्रीडरिक्सहाफेनला उतरवायचे होते, त्यासाठी तिथल्या टॉवरला फोन लावायचा होता, आणि फोन लागत नव्हता. तो पुन्हा पुन्हा लावत राहिला. तिकडे जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या केंद्रात धोक्याचा इशारा वाजला. त्यांनी झुरिकला फोन लावायची धडपड केली. तोही लागला नाही. दोन विमाने एकाच उंचीवर एकमेकांच्या वाटेत येत आहेत हे झुरिकच्या नियंत्रकाला दिसले तेव्हा मिनिटभरही उरले नव्हते. त्याने त्यांतल्या तुपोलेव्ह विमानाला खाली यायला सांगितले. त्याच वेळी विमानातली टक्करविरोधी यंत्रणा त्या वैमानिकांना वर जा सांगत होती आणि दुसऱ्या विमानाला, बोइंगला, खाली. दोन्ही विमाने खाली आली. ७१ माणसे गेली, त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती.

त्या रात्रीचे प्रत्येक काम परवानगीचे होते. एकटे रडार कमी क्षमतेवर असते तर निभावले असते, एकटा फोन बंद असता तरी निभावले असते. पण बंद असलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज कोणीच करत नव्हते, आणि जो खुर्चीत होता त्याला काय काय बंद आहे आणि त्याचा अर्थ काय, हे पुरते सांगितलेलेही नव्हते. पुढे २००४ मध्ये अपघातात बायको-मुले गमावलेल्या एका माणसाने त्या नियंत्रकाचा खून केला. २००७ मध्ये न्यायालयाने नियंत्रण कंपनीच्या चौघांना दोषी ठरवले. वरच्या मजल्यावरचे निर्णय खालच्या खुर्चीपर्यंत कसे पोहोचतात हे न्यायालयाला समजले, पण पाच वर्षांनी.

इटलीतल्या मिलानच्या लिनाते विमानतळाची गोष्ट युबरलिंगेनच्या आदल्या वर्षाची, ८ ऑक्टोबर २००१ ची. दाट धुके. टॉवरमधून धावपट्टी दिसत नव्हती. जमिनीवरची विमाने दाखवणारे जुने रडार १९९९ मध्येच बंद केलेले होते. नवे येऊन पडले होते, पण कामाला लावलेले नव्हते. एक छोटे विमान चुकीच्या वाटेने धावपट्टीवर आले आणि उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाने त्याला धडक दिली. ११८ मृत्यू. वैमानिकाची वाट चुकली, खुणा पुसट होत्या, हे सगळे खरे. पण ती चूक पडद्यावर दिसली असती असे यंत्र त्या विमानतळासाठी विकत घेतलेले होते. आर्थिक वर्ष संपताना 'खरेदी पूर्ण' अशी नोंद पाहून समाधान मानणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने लिनातेचा चौकशी अहवाल एकदा वाचावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

१२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीजवळ चरखी दादरीवर दोन विमाने आदळली आणि ३४९ जण गेले. कझाकस्तानचे विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले हे कारण चौकशीत निघाले. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाची दिशा आणि अंतर दिसे, उंची दिसत नसे. उंची दाखवणारे दुय्यम रडार तेव्हा जगात नवे राहिलेले नव्हते. नियंत्रकाने दोन्ही विमानांना योग्य उंची दिली होती, समोरचे विमान कोणत्या दिशेला, किती मैलांवर आहे हेही कझाकस्तानच्या वैमानिकांना सांगितले होते. त्याच्याकडून जे होण्यासारखे होते ते सगळे झाले. दिसत नव्हते ते कसे सांगणार?

यावर तुमच्यातले काही म्हणतील की म्हणूनच आम्ही सगळे नवे करतो आहोत. तिथेही थोडे थांबा. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनच्या उड्डाण-आराखडे, म्हणजे विमान कोणत्या मार्गाने जाणार याच्या आगाऊ नोंदी, वाचणाऱ्या संगणकापुढे लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा आराखडा आला. मार्गात एकाच सांकेतिक नावाचे दोन बिंदू होते, एक अमेरिकेत, एक फ्रान्समध्ये. प्रणालीला ते उलगडले नाही, तिने स्वतःला बंद केले. राखीव प्रणालीने काम हाती घेतले, तोच आराखडा वाचला आणि तीही बंद पडली, कारण दोघींतला प्रोग्राम एकच होता. सात लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला. ही प्रणाली जुनी नव्हती. एकसारख्या दोन वस्तू शेजारी ठेवल्या म्हणजे पर्याय तयार होत नाही. अमेरिकेत ११ जानेवारी २०२३ ला वैमानिकांना सूचना देणारी प्रणाली कोसळली तीही मूळ आणि राखीव नोंदी जुळवताना चुकून फाइल पुसल्या गेल्याने, आणि देशभरची उड्डाणे थांबवावी लागली. त्याच वर्षी १ जानेवारीला फिलिपिन्समधल्या मनिलाच्या केंद्रात वीज गेली आणि अखंड वीजपुरवठ्याची सोयही निकामी ठरली. पन्नास हजारांहून अधिक प्रवासी अडकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत उड्डाण-आराखड्यांचे संदेश पोहोचवणारी प्रणाली बिघडली, नियंत्रक हाताने आराखडे भरत बसले, आठशेहून अधिक उड्डाणे उशिरा निघाली.

आणि सगळे एकदम नवे करायची हौसही महागात पडते. अमेरिकेने १९८० च्या दशकात सबंध नियंत्रण व्यवस्था एकाच प्रकल्पात बदलायला घेतली. मागण्या वाढत गेल्या, वर्षे गेली, आणि १९९४ मध्ये तो प्रकल्प गुंडाळावा लागला. अब्जावधी डॉलर खर्च होऊन नियंत्रकांपुढे तेच जुने पडदे राहिले.

मला हव्या आहेत त्या गोष्टी मोजक्या आहेत, आणि त्यांतली पहिली फुकटात होते. आपल्या अखत्यारीतल्या प्रत्येक यंत्रणेसाठी ती कधी सुरू झाली, सुटे भाग कोणत्या तारखेपर्यंत पुरतील, ती दुरुस्त करू शकणारी किती माणसे आज नोकरीत आहेत आणि ती बदलण्यासाठी किती पैसा मंजूर आहे, हे दरवर्षी जाहीर करा. सुरक्षेचे कारण पुढे कराल, तर अमेरिकेच्या लेखापरीक्षकांनी यंत्रणांची नावे झाकून हेच केले आहे. ज्या यंत्रणेची दुरुस्तीची तारीख उलटली, तिथली विमानांची संख्या त्या दिवसापासून कमी करा. ती तारीख पुढे ढकलायचा अधिकार ढकलणाऱ्याने स्वतःच्या सहीने वापरावा, आणि ती सही लोकांना दिसावी.

दुसरी गोष्ट नियंत्रकांसाठी. दोनपैकी एक लाइन, एक रेडिओ किंवा एक रडार गेले की आज काम चालू राहते, कारण दुसरे आहे. पण त्या घटकेला दुसरे हे शेवटचे झालेले असते. विमानांतले अंतर वाढवायची वेळ तीच. शेवटचे गेल्यावर वाढवायला काही हातात उरत नाही, हे मी वर आकड्यांनी दाखवले आहे. हा निर्णय पाळीवरच्या प्रमुखाला कोणाला न विचारता घेता आला पाहिजे, आणि त्याने विमाने उशिरा सोडली म्हणून त्याला दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला जाता कामा नये. आज विमान कंपन्यांचे फोन कोणाला येतात आणि त्यानंतर खाली काय निरोप जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

जुन्यावरून नव्यावर जाण्याच्या रात्री दुप्पट माणसे बसवा, वाहतूक कमी करा, आणि काय काय बंद आहे याची एकत्र यादी खुर्चीतल्या माणसाच्या समोर ठेवा. राखीव लाइन वेगळ्या मार्गाने, वेगळ्या इमारतीतून, वेगळ्या विजेवर आहे ना, हे वर्षातून एकदा खरोखर मुख्य लाइन बंद करून तपासा. कागदावर तपासू नका. आणि बंद पडण्याची प्रत्येक घटना, मग ती दहा सेकंदांची का असेना, त्या वेळी आकाशात किती विमाने होती या आकड्यासह प्रसिद्ध करा.

पैशाबद्दल एवढेच सांगतो. बहुतेक देशांत विमान कंपन्या मार्गदर्शन सेवेचे शुल्क भरतात आणि ते तिकिटातून शेवटी प्रवासीच देतो. रडारचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे आणि मंजुरी मात्र एका-एका वर्षाची, हा मेळ कधीच बसणार नाही. बदलीचा निधी वेगळा काढा, कित्येक वर्षांसाठी एकदम बांधा, आणि तूट भरून काढायला त्याला हात लावता येणार नाही अशी कायद्यात सोय करा.

तुमच्या देशातली अशी यादी कोणत्या तारखेला प्रसिद्ध होणार, तेवढी एक तारीख कळवावी. समिती नेमल्याचे उत्तर पाठवू नये.

कळावे,
एक विमानप्रवासी